बिझनेस क्लास माइल्सवर काढताय? या चुका टाळा

सांगलीत बिझनेस क्लासची चौकशी करणारे बरेचसे लोक गुडघ्यांमुळे आलेले असतात. लेक वालचंदमधून इंजिनियर झाली, अमेरिकेत गेली, आता तिचं बाळंतपण आहे, आणि आईला पंधरा-सोळा तास पाय खाली सोडून बसवत नाही. बाकीचे व्यापारी. हळद, बेदाणा, सोनं-चांदी. यांच्या कार्डांवरून वर्षाला जेवढी उलाढाल होते तेवढ्यात एखादा नोकरदार घर बांधेल, आणि पॉइंट मात्र मिक्सर नाहीतर शॉपिंग व्हाउचर घेऊन संपवलेले असतात.

मी कर सल्लागार आहे, विश्रामबागला ऑफिस आहे. विमान कंपन्यांशी माझा संबंध प्रवाशाएवढाच. पण रिटर्न भरायला आलेला माणूस उठता उठता "साहेब, ते माइलचं जरा बघा की" म्हणतो आणि पुढचा अर्धा तास त्यात जातो. त्याच त्या चुका बघून वैताग आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सीट बघायच्या आधी पॉइंट वळवणं

बाकी सगळ्या चुका मिळून जेवढं नुकसान करत नाहीत तेवढं ही एकटी करते.

कार्डावर जमतात ते बँकेचे पॉइंट. ते विमान कंपनीच्या खात्यात वळवले की त्यांचे माइल्स होतात, म्हणजे तिकिटासाठी वापरायचे त्या कंपनीचे पॉइंट. हा रस्ता एकेरी आहे. गेलेले पॉइंट बँक परत घेत नाही, मग मॅनेजर तुमच्या कितीही ओळखीचा असो. आणि माइल्स हातात आले म्हणजे सीट मिळाली असंही नाही. बिझनेसच्या तीस-चाळीस सीट असल्या तरी माइल्सच्या स्वस्त दरात कंपनी त्यातल्या दोन-चार सोडते, कधी एकही नाही. साखर कारखान्याच्या सभासदाला सवलतीची साखर मिळते, पण कारखाना वाटप जाहीर करेल तेव्हा आणि ठरवेल तेवढीच; शेअरचा दाखला दाखवून आज पोतं उचलता येत नाही. माइल्सचं अगदी तसंच आहे.

तासगावकडचे एक द्राक्ष निर्यातदार माझे जुने अशील. दर फेब्रुवारीत बर्लिनला फ्रुट लॉजिस्टिका नावाचं फळांच्या व्यापाराचं मोठं प्रदर्शन भरतं. त्यांना आणि धाकट्या भावाला तिथे जायचं होतं, आणि यंदा बिझनेसनंच जायचं असं घरात जाहीर करून झालं होतं. दिवाळीत व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला: अमुक कंपनीकडे पॉइंट वळवा, इतके टक्के जादा मिळतील, शेवटचे दोन दिवस. मालकांनी पाडव्याच्या मुहूर्तावर पॉइंट वळवले. सगळे. दोन्ही कार्डांचे. मला कळलं ते भाऊबीज झाल्यावर, पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवताना.

उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग.

लॅपटॉप उघडला, फेब्रुवारीचा पहिला आठवडा टाकला. महिनाभराच्या तारखांची ओळ आली. प्रत्येक तारखेखाली माइल्सचा स्वस्त दर करडा, म्हणजे प्रतीक्षायादी. त्याच्या शेजारी महाग दर मात्र हिरवागार, आणि तो जवळजवळ दुप्पट. दोघांचं जाणं-येणं तर सोडाच, एकाचंही पुरतं होत नव्हतं. मालक स्क्रीनवर बोट ठेवून तारखा पुढे-मागे सरकवत राहिले. "आता माइल हायत म्हटल्यावर सीट द्यायला नको का यांनी?" माझ्याकडे याला उत्तर नव्हतं.

खरा चटका पुढे बसला. विमान कंपन्यांचे गट असतात, आणि एकीच्या माइल्सवर गटातल्या दुसरीच्या विमानात सीट काढता येते. त्याच आठवड्यात दुसऱ्या गटातल्या एका कंपनीच्या विमानात दोन सीट स्वस्त दरात दिसत होत्या. ज्या खात्यातून त्या मिळाल्या असत्या, त्या खात्यात पॉइंट वळवायची सोय त्यांच्याच बँकेत होती. पॉइंट बँकेत असते तर चहा येईपर्यंत काम झालं असतं. दोघे भाऊ रोख पैसे भरून इकॉनॉमीतून बर्लिनला गेले. प्रतीक्षायादी शेवटपर्यंत हलली नाही. ते माइल्स शेवटी मुदत संपत आल्यावर आई-वडिलांच्या बँकॉक सहलीत गेले, तेही इकॉनॉमीत. म्हणजे ज्या भावात व्हाउचर घेतलं असतं तर मी त्यांना ओरडलो असतो, त्याहून कमी भावात.

माझी पद्धत साधी आहे आणि लोकांना ती कंटाळवाणी वाटते. मी वही ठेवतो. कागदाची. एका पानावर एक प्रवास: तारीख, विमानाचा नंबर, कुठल्या खात्यातून काढायचं, माइल्स किती, वरून कर किती. एकच विमान निदान दोन ठिकाणी तपासतो. स्टार अलायन्स या गटातल्या कंपन्यांच्या सीट युनायटेड आणि एअर कॅनडा या दोघांच्या साइटवर दिसतात. दोन्हीकडे दिसली तर सीट बहुधा खरी. एकाच ठिकाणी दिसत असेल तर ती भुताची असू शकते, पैसे भरायच्या पानावर गेलात की एरर. शंका आली तर कंपनीला फोन करून एजंटकडून त्याच्या स्क्रीनवर बघून घेतो. मग पॉइंट वळवतो, तेही लागतील तेवढेच. काही कंपन्यांकडे ते मिनिटांत पोचतात, काहींकडे चार-पाच दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. म्हणून वहीत दुसरी तारीख लिहून ठेवल्याशिवाय मी पहिलीला हात लावत नाही. आणि शुक्रवारी रात्री तर कधीच वळवत नाही. काही अडकलं तर सोमवारपर्यंत विचारायला कुणी नसतं.

बँकेच्या कार्डाला विमान कंपनीचं खातं जोडायचं काम मात्र महिना-दोन महिने आधी करून ठेवा. सगळ्यात छोटा हप्ता पाठवून बघा, पोचतो का ते कळतं.

"शेवटचे दोन दिवस" ही जादा टक्क्यांची योजना वर्षातून पुन्हा येते. सीट पुन्हा येईलच असं नाही.

स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव

आपल्या नावांची घडण विमान कंपन्यांच्या फॉर्मला झेपत नाही. पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. बँकेच्या कार्डावर दोन आद्याक्षरं आणि आडनाव. माइल्सचं खातं उघडताना घाईत नुसतं नाव-आडनाव. बायकांच्या बाबतीत आणखी गंमत: पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, पॅनवर तिसरंच काहीतरी. स्पेलिंगचं बोलायलाच नको. वैशालीत 'व्ही' की 'डब्ल्यू', सविताच्या शेवटी एक 'ए' की दोन, ज्यानं फॉर्म भरला त्याच्या मर्जीवर.

मिरजेचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको मुलाकडे अमेरिकेला निघाले. मुलानं तिकडून बसून दोघांची बिझनेसची तिकिटं माइल्सवर काढली. चांगलं काढलं होतं, एका कंपनीच्या माइल्सवर दुसऱ्या कंपनीच्या विमानात, कमी करात. मला कौतुक वाटलं. मास्तर छापील कागद घेऊन आले होते, व्हीलचेअर कशी सांगायची ते विचारायला. मी पासपोर्ट मागितला आणि काकूंच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा. जुन्या पासपोर्टांत असं पुष्कळ सापडतं: पूर्ण नाव पहिल्या रकान्यात, आडनावाच्या जागी काहीच नाही. तिकीट मात्र नाव आणि आडनावावर. मधलं नाव गायब.

विमान ज्यांचं त्यांना फोन लावला. तिकीट आम्ही दिलेलं नाही, आम्हाला हात लावता येत नाही. तिकीट ज्यांनी दिलं त्यांना मुलानं फोन लावला. भागीदार कंपनीचं तिकीट आहे, नाव बदलता येत नाही, रद्द करून पुन्हा काढा. मुलानं रद्द केलं. सीट विमान कंपनीकडे परत गेली आणि तिकडेच राहिली. ती पुन्हा भागीदारांसाठी खुली करायची की रोखीत विकायची, हे कंपनीच्या मर्जीवर असतं. सुट्टीचे दिवस, रोखीत विकायचीच होती.

तर ज्या काकूंच्या गुडघ्यांसाठी हा सगळा घाट घातला होता, त्या इकॉनॉमीत कडेच्या सीटवर बसून गेल्या आणि मास्तर पुढे आडवे होऊन. "तुम्ही माझ्या जागी झोपा" म्हणून भागत नाही, तिकीट नावावर असतं. मास्तर दर दोन-तीन तासांनी मागे जाऊन बिस्किटं देऊन येत होते म्हणे. ते अजून ऐकून घेतात.

उपाय: पासपोर्टाच्या फोटो असलेल्या पानावर सगळ्यात खाली बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. विमान कंपनीचं यंत्र त्याच वाचतं. त्यातलं नाव अक्षर न् अक्षर उतरवून माइल्सच्या खात्यात टाका, मग बँकेत जाऊन तिथलं नाव जुळवून घ्या. आडनावाचा रकाना कोरा असेल तर तिकिटाचा विचारही करू नका, आधी पासपोर्ट नवा करून घ्या. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर त्याचंही बघावं लागतं, त्यामुळे हे काम प्रवासाच्या वर्षभर आधीचं.

याच पोटातली आणखी एक बाब. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्सच्या योजनेत तुमच्या माइल्सवर फक्त तुम्ही आणि तुम्ही नोंदवलेली पाच माणसं जाऊ शकतात. ही नावं ऐनवेळी नाही, आज टाकून ठेवा. आणि पाचांत कोण, यावरून घरात वाद होणार असतील तर तेही आजच होऊ द्या.

"माझ्या माइलला चार रुपये पडले"

हे वाक्य सांगणारा माणूस मला लग्नकार्यात हटकून भेटतो. कसं काढलं विचारलं तर तिकिटाची छापील किंमत भागिले माइल्स. ती किंमत तू खिशातून भरली असतीस का, विचारलं की विषय पंगतीकडे वळतो.

हिशेब असा करा. समजा बिझनेसचं तिकीट रोखीत २,२०,००० रुपयांना आहे. माइल्सवर तेच १,००,००० माइल्स आणि वरून ३०,००० कर. वाचले १,९०,००० रुपये, म्हणजे माइलमागे १ रुपया ९० पैसे. छान. पण तुमच्या बँकेनं २ पॉइंटला १ माइल दिला असेल तर तुम्ही खर्चले २,००,००० पॉइंट, आणि पॉइंटमागे पडले ९५ पैसे. तीच बँक स्वतःच्या पोर्टलवर पॉइंटला १ रुपया देऊन रोखीचं तिकीट काढू देत असेल, तर इतक्या खटाटोपात तुम्ही पॉइंटमागे पाच पैसे घालवलेत. वर रोखीच्या तिकिटावर नवे माइल्स मिळतात, माइल्सच्या तिकिटावर मिळत नाहीत.

व्यापाऱ्यांनी आणखी एक पायरी उतरायची आहे, आणि ही मला माझ्या धंद्यामुळे दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. प्रवास खरोखर धंद्याचा असेल आणि तिकिटावर तुमचा जीएसटी नंबर टाकला असेल, तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो धंद्याच्या जीएसटीतून वजा होतो. वरच्या तिकिटात ढोबळ मानानं ३३,५०० रुपये जीएसटी धरला तर तुमच्यासाठी तिकीट २,२०,००० चं नाहीच, १,८६,५०० चं आहे. मग माइलमागे १ रुपया ५६ पैसे आणि पॉइंटमागे ७८. बर्लिनच्या प्रदर्शनाला रोखीनं जा, माइल्स बायकोबरोबरच्या सहलीला ठेवा. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या तिकिटावर दुकानाचा जीएसटी नंबर टाकू नका. असे कागद माझ्याकडे येतात आणि मी ते परत देतो.

कराचा आकडा न बघता माइल्सवर भाळणं

काही कंपन्या माइल्स कमी मागतात आणि इंधनाच्या नावाखाली अधिभार मात्र भरपूर लावतात. ब्रिटिश एअरवेज आणि लुफ्तान्सा यासाठी प्रसिद्ध आहेत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. उलट सिंगापूर एअरलाइन्सनं स्वतःच्या विमानांतल्या माइल्सच्या तिकिटांवरचा असा अधिभार २०१७ मध्ये काढून टाकला. युनायटेड आणि एअर कॅनडाच्या माइल्सवर भागीदारांची तिकिटं काढली तरी तो बसत नाही. म्हणजे लुफ्तान्साचंच विमान, तीच सीट, पण कुठल्या खात्यातून काढली यावर हजारोंचा फरक.

लंडनहून परतीचा प्रवास सुरू करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ब्रिटनचं सरकार निघणाऱ्या प्रवाशाकडून एअर पॅसेंजर ड्यूटी घेतं, आणि भारताएवढ्या अंतराला बिझनेसच्या माणसामागे ती दोनशे पौंडांच्या वर जाते. लंडनला नुसतं विमान बदललं तर ती लागत नाही. मुक्काम करून निघालात की लागते. जाताना लंडनला, येताना पॅरिस नाहीतर ॲमस्टरडॅमहून, असं मी सुचवतो. लोकांना मात्र आल्या वाटेनंच परत यायचं असतं.

थोडक्यात आटपतो

"सिंगापूरचे माइल्स म्हणजे सिंगापूरलाच जावं लागणार." नाही. त्या माइल्सवर एअर इंडिया, लुफ्तान्सा, तुर्किश अशी स्टार अलायन्समधली सगळी विमानं आहेत. एअर इंडिया २०१४ पासून त्या गटात आहे. ब्रिटिश एअरवेज आणि कतार दोघांच्या माइल्सचं चलन एव्हिऑस, ते एका खात्यातून दुसऱ्यात नेता येतं. एमिरेट्स कुठल्याच गटात नाही.

मे महिन्यात चार सीट एका विमानात मागू नका. मिळत नाहीत. दोन-दोन करून लागोपाठच्या दिवशी जा. ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर दोघांच्याही सीट ३५५ दिवस आधी खुल्या होतात. मेच्या सुट्टीचं फेब्रुवारीत बघायला बसलात तर उरलंसुरलंच दिसणार.

बिझनेस लिहिलं म्हणजे सगळा प्रवास बिझनेस असं समजू नका. मुंबई–दिल्ली दोन तास बिझनेस, आणि दिल्लीहून पुढचे पंधरा तास इकॉनॉमी, माइल्स मात्र पुऱ्या बिझनेसचे, अशी तिकिटं साइट बिनदिक्कत दाखवते. प्रत्येक टप्प्यावर बोट ठेवून वाचा.

विमान कुठलं आहे ते बघा. एअर इंडियाच्या ए३५० मध्ये बिझनेसच्या सीट १-२-१ अशा आहेत, म्हणजे रांगेत दोन्ही खिडक्यांशी एकेक आणि मध्ये दोन, दार असलेल्या बंद कप्प्यासारख्या. जुन्या ७८७-८ मध्ये २-२-२. इंटरनेटवर सगळे १-२-१ चं गुणगान गातात. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा परदेशी निघालेल्या सत्तरीच्या जोडप्याला २-२-२ च बरं. काकूंना दार लावून एकटं झोपायचं नसतं, काका शेजारी दिसायला हवे असतात.

मुदत तपासा. क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांनी जातातच, मध्ये कितीही उलाढाल केली तरी. एव्हिऑसचं खातं तीन वर्षांत एकदा हलवलं तरी चालतं.

पॉइंट जमवायच्या नादात कार्डाचं बिल थकवू नका. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज भरणारा माणूस मला माइल्सचं विचारतो तेव्हा मी त्याला आधी बिल दाखवायला सांगतो.

शॉर्टकट

गेल्या काही वर्षांत नवीन पोरं आली आहेत. कार्ड हातात पडून महिना झालेला नसतो आणि विचारतात, "सर, फर्स्ट क्लास कधी बसेल?" पी हळद अन् हो गोरी, हळदीच्या पेठेत राहून तरी ही म्हण कळायला हवी होती.

मग हे शॉर्टकट शोधतात. ओळखीच्या दुकानात सोनं घेतल्याचं दाखवून कार्ड घासायचं आणि दुकानदाराकडून टक्का-दीड टक्का कापून रोख घ्यायची. घरभाड्याच्या ॲपवर स्वतःच्याच मेव्हण्याला घरमालक करायचं. बँकांना हे कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी बँकेतल्या माणसाबरोबर एकदा जेवायला बसावं. भाड्यावरचे पॉइंट बहुतेक बँकांनी बंद केले ते याच शहाण्यांमुळे. कार्ड बंद होतं, जमलेले पॉइंट जातात, आणि दुकानदाराच्या पुस्तकात नसलेल्या सोन्याची विक्री लिहिली जाते. तिचं काय करायचं ते विचारायला तो शेवटी माझ्यासारख्याकडेच येतो.

दुसरा शॉर्टकट म्हणजे टेलिग्रामवर अर्ध्या किमतीत बिझनेसचं तिकीट विकणारे. हे कुणाच्या तरी खात्यातले माइल्स विकत घेऊन त्यावर तुमचं नाव टाकतात. माइल्स विकणं कुठल्याच कंपनीच्या नियमांत बसत नाही. कंपनीला संशय आला की तिकीट रद्द, आणि ते बहुधा परतीच्या प्रवासात होतं, तुम्ही तिकडे असताना. पैसे घेणाऱ्याचा नंबर तोपर्यंत बंद.

साठवून ठेवणं

उतावळ्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला आमच्या पेठेतले जुने लोक. सोन्यासारखं साठवतात. "राहू द्या, मुलाच्या लग्नानंतर बघू." माइल्सना व्याज नसतं, भाव मात्र उतरतो. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिच्या माइल्सची योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून नाव बदलून इंटरमाइल्स झाली, पण ज्या विमानासाठी साठवले ते विमानच राहिलं नाही. अ‍ॅक्सिसच्या मॅग्नस कार्डावर ५ पॉइंटला ४ माइल्स मिळायचे, १ सप्टेंबर २०२३ पासून ५ ला २ झाले. एका रात्रीत निम्मे. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे पॉइंट तिकडे गेले, दरपत्रक अर्थातच एअर इंडियाचं.

मी पुढच्या दीड-दोन वर्षांत लागतील तेवढेच ठेवतो, आणि तेही बँकेत, विमान कंपनीत नाही. बँकेतून चार रस्ते फुटतात, कंपनीत गेल्यावर एकच उरतो.

सांगलीहून मुंबई

तिकीट मुंबईहून आहे, तुम्ही सांगलीत आहात, हे लोक कसे विसरतात कळत नाही. कोल्हापूरहून मुंबईचं वेगळं तिकीट काढलं आणि ते विमान उशिरा आलं, तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही आणि माइल्सही परत मिळतीलच असं नाही. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे प्रवास. गाडीनं निघालात तर खंबाटकी, पुण्याचा बायपास, एक्स्प्रेसवेचा घाट, शनिवारी यातलं काहीही दोन तास खातं. मी अशा वेळी आदल्या रात्रीची महालक्ष्मी पकडायला सांगतो. सकाळी मुंबई, दिवसभर नातेवाइकांकडे आराम, रात्रीचं विमान. बिझनेसच्या तिकिटावर विमानतळावरचं लाउंज बहुधा मिळतं, तिथे लवकर जाऊन बसा. अंघोळीची सोय असते, आणि पाय वर करून पडायला जागा असते.

जेवणाचं बुकिंगनंतर स्वतः सांगावं लागतं. शाकाहारी, जैन, जे असेल ते किमान २४ तास आधी, काही कंपन्यांना ४८ लागतात. भागीदार कंपनीचं विमान असेल तर ज्यांचं विमान त्यांच्या साइटवर त्यांच्याच बुकिंग नंबरनं जाऊन टाका. माइल्स ज्यांचे, त्यांच्याकडे दिलेली जेवणाची नोंद पुष्कळदा तिकडे पोचतच नाही.